कोणतीही तक्रार नसताना मॅमोग्राफी करावी का?

सायली_कोथरूड

नमस्कार. माझे वय 46 आहे. पाळी नियमित आहे, गाठ किंवा स्राव अशी कोणतीही तक्रार नाही, आणि आई, मावश्या, आत्या यांपैकी कोणालाही स्तनाचा कर्करोग झालेला नाही. यंदा कार्यालयाच्या वार्षिक आरोग्य तपासणीत चाळिशीपुढच्या महिलांसाठी मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा, समावेश झाला आहे. पैसे कंपनी भरणार आहे, मला फक्त अर्जावर हवी की नको एवढी खूण करायची आहे. त्या खुणेपाशीच मी अडले आहे, कारण ज्यांना ज्यांना विचारले त्या प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या की चाळिशीनंतर दरवर्षी करायलाच हवी. आमचे जुने फॅमिली डॉक्टर म्हणाले की तक्रार नसेल तर पन्नाशीपर्यंत थांबायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये लेस्टरला राहणाऱ्या नणंदेला पहिले बोलावणेच पन्नाशी उलटल्यावर आले आणि पुढचे तीन वर्षांनी येणार आहे. नणंद डॉक्टर नाही, पण तिच्यामागे एक अख्खी सरकारी आरोग्यव्यवस्था उभी आहे आणि तीसुद्धा दरवर्षी करा असे म्हणत नाही.

फायदा नेमका किती, तोटा काय, आणि यातले आपल्याकडच्या बायकांना काय लागू पडते, हे मला समजून घ्यायचे आहे. "करून टाक, जिवाला घोर नको" हा सल्ला घरातून भरपूर मिळाला आहे, तो कृपया इथे नको.

गारवा

फुकट होते आहे तर करून घ्यावी. यात एवढा विचार करण्यासारखे काय आहे?

क्ष_किरण

मी नाशिकला क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्या दिवसाचा बराच भाग मॅमोग्राफी वाचण्यात जातो, तेव्हा माझे मत त्या बाजूला झुकलेले असू शकते हे आधीच सांगून ठेवते.

सर्वांत आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. गाठ हाताला लागली आहे, स्तनाग्र आत ओढले गेले आहे, रक्तमिश्रित स्राव येतो आहे किंवा त्वचेला खळगा पडला आहे, अशा बाईने करावयाची मॅमोग्राफी ही निदानाची तपासणी असते. तिच्याबाबत करावी की न करावी असा प्रश्नच नाही. तिने वय कितीही असले तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. या धाग्याचा प्रश्न अगदी ठणठणीत असलेल्या बाईचा आहे आणि तिथेच मतभेद आहेत.

तपासणी अशी होते. स्तन दोन पाट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरला जातो आणि प्रत्येक बाजूची दोन चित्रे घेतली जातात, एक वरून खाली आणि एक तिरके, काखेपर्यंतचा भाग दिसेल असे. दाब बऱ्यापैकी दुखतो. दाबले नाही तर आतले ऊतक एकावर एक चढून चित्र गढूळ येते आणि किरणेही जास्त द्यावी लागतात. पाळी सुरू असलेल्या बायकांनी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात यावे, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, त्याचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. किरणांची मात्रा इतकी थोडी असते की निर्णयाच्या तराजूत तिला फारसे वजन देऊ नये.

सायली, तुमच्या वयासाठी महत्त्वाची अडचण वेगळीच आहे. पाळी जाण्यापूर्वी स्तनात ग्रंथींचे ऊतक भरपूर असते. ते चित्रात पांढरे दिसते आणि कर्करोगही पांढराच दिसतो. दाट स्तनांच्या अहवालात काही आढळले नाही असे लिहिताना मला पुढे "दाट ऊतकामुळे लहान गाठ झाकली जाऊ शकते" हे वाक्य जोडावे लागते, आणि बहुतेक जणी ते वाचत नाहीत. पन्नाशीनंतर ग्रंथींची जागा चरबी घेते, पार्श्वभूमी काळी होते आणि तीच मॅमोग्राफी अधिक भरवशाची ठरते.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र हा माझा व्यवसाय आहे आणि बायकोच्या निमित्ताने मी या विषयातले बरेच वाचले आहे.

या वादात सर्वांत जास्त उद्धृत होणारा हिशेब ब्रिटनमधला आहे. तिथे सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने 2012 मध्ये जुन्या सर्व चाचण्या पुन्हा तपासल्या. पन्नाशीच्या 10,000 स्त्रियांना पुढची 20 वर्षे नियमितपणे बोलावले, तर स्तनाच्या कर्करोगाने होणारे सुमारे 43 मृत्यू टळतात, असा त्यांचा अंदाज आहे. त्याच 10,000 मध्ये सुमारे 129 स्त्रियांच्या कर्करोगाचे निदान असे होते की तपासणी केली नसती तर तो त्यांना हयातीत कधी कळलाही नसता. म्हणजे एक मृत्यू टळतो तेव्हा तिघींच्या वाट्याला शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि "कर्करोगी" हा शिक्का विनाकारण येतो. त्या तिघी कोण हे कोणालाच सांगता येत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा रोग इतरांसारखाच दिसतो. दुधाच्या नलिकेतच थांबलेला प्राथमिक स्वरूपाचा कर्करोग या गटात बराच असतो. हे अंदाज आहेत, त्यांवरही तज्ज्ञांत वाद आहेत, आणि उपचार सुधारल्यामुळे आज फायद्याचा आकडा कमी झाला असावा असे मानणारेही पुष्कळ आहेत.

जाहिरातींत हा हिशेब नसतो. तिथे "लवकर निदान झालेल्यांपैकी इतक्या टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर जिवंत" असे लिहिलेले असते, आणि या वाक्यात एक गोम आहे. समजा, एका बाईला 62 व्या वर्षी गाठ लागली, निदान झाले आणि 65 व्या वर्षी ती गेली. तिचेच निदान तपासणीमुळे 59 व्या वर्षी झाले असते आणि तरीही ती 65 व्या वर्षीच गेली असती, तर तिची नोंद "पाच वर्षे जगलेल्या" स्त्रियांत झाली असती. आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही, वाढला तो आजारी म्हणून जगण्याचा काळ. म्हणून तपासणीचा उपयोग मोजायचा तर बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या दोन्ही गटांतले मृत्यू मोजावे लागतात.

तुमच्या तीन सल्लागारांतील फरकाचे उत्तरही इथेच आहे. अमेरिकेतील सरकारी तज्ज्ञगटाने 2009 मध्ये 50 ते 74 या वयात दर दोन वर्षांनी तपासणी सुचवली होती आणि चाळिशीतला निर्णय त्या त्या स्त्रीवर सोपवला होता. 2024 मध्ये त्यांनीच सुरुवातीचे वय 40 वर आणले, अंतर मात्र दोनच वर्षांचे ठेवले. पन्नासऐवजी चाळिशीत सुरुवात केल्याने हजार स्त्रियांमागे आयुष्यभरात एकाहून किंचित जास्त मृत्यू टळतील, असे त्यांची गणिती प्रारूपे सांगतात. आकडा सर्वांसमोर एकच आहे. तो मोठा मानायचा की लहान, हे ज्याचे त्याने ठरवले आहे. स्वित्झर्लंडच्या वैद्यकीय मंडळाने तर 2014 मध्ये असे नवे कार्यक्रम सुरूच करू नयेत असे सुचवले होते.

ओवी_लेस्टर

ब्रिटनची बाजू मी सांगते. इथे 50 ते 53 या वयात कधीतरी पहिले पत्र येते, मग दर तीन वर्षांनी, 71 वा वाढदिवस होईपर्यंत. पत्रासोबत एक माहितीपत्रक असते आणि त्यात फायद्याइतकीच स्पष्टपणे अतिनिदानाची, म्हणजे एरवी कधी कळलाही नसता असा रोग सापडण्याची, शक्यताही लिहिलेली असते. तपासणी झालेल्या दर 100 जणींपैकी सुमारे चौघींना पुढील चाचण्यांसाठी परत बोलावतात आणि त्या चौघींपैकी एकीला कर्करोग निघतो, असेही त्यात दिलेले आहे. प्रत्येक चित्र दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे पाहतात.

मी त्या चौघींपैकी एक होते. दुसऱ्या पत्रात केवळ "आणखी काही चित्रे घ्यायची आहेत" एवढेच होते. मी ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे खोचून ठेवले आणि नवऱ्याला सांगितलेच नाही. सोनोग्राफी केली, सुईने पाणी काढले, साधी पाण्याची गाठ निघाली. मधल्या दिवसांत मी मुलीच्या लग्नाचे दागिने कोणत्या लॉकरमध्ये आहेत ते एका वहीत लिहून काढले होते. आकडेमोड यांच्या हिशेबात याची नोंद "चुकीचा इशारा" अशी होईल आणि ती बरोबरच आहे. तरीही पुढच्या बोलावण्याला मी गेले, कारण माझ्या मते एवढी भीती ही त्या फायद्याची परवडण्याजोगी किंमत आहे. माझ्या शेजारणीला ती परवडत नाही, म्हणून तिने रीतसर कळवून आपले नाव यादीतून कमी करून घेतले. दोघींनाही कोणी दोष दिला नाही.

एक खंत मात्र आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जणी हे पत्र उघडतही नाहीत. विचार करून नकार देणे वेगळे आणि इंग्रजी पत्र म्हणून मुलगा घरी येईपर्यंत टेबलावर पडू देणे वेगळे.

उत्तरा_५८

आकडेमोड, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मला काही तक्रार नव्हती. सुनेने आग्रह केला म्हणून मॅमोग्राफी केली, त्यात एक सेंटीमीटरही नसलेली गाठ सापडली, तेवढाच भाग काढला, किरणोपचार घेतले, आणि आज मी नातवाला शाळेत सोडून येऊन हे लिहिते आहे. मी वाचले ते त्या तपासणीमुळे. तुमच्या 129 मधली मी असेन, असे माझ्या तोंडावर सांगाल का?

आकडेमोड

उत्तराताई, असे मी मुळीच सांगणार नाही, आणि ते सांगणे शक्यही नाही. तुमचा जीव वाचला असेल, किंवा ती गाठ पुढे दोन वर्षांनी हाताला लागून तेवढ्याच यशस्वीपणे उपचार झाले असते, किंवा ती कधीच वाढली नसती; या तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात आणि तिथे उभ्या असलेल्या व्यक्तीला आपण कोणत्या वाटेने आलो हे दिसत नाही. गाठ हाती आल्यावर उपचार घेणे हाच योग्य निर्णय होता. माझा हिशेब तपासणीच्या आधीच्या बाईसाठी आहे, नंतरच्या बाईसाठी नाही.

उत्तरा_५८

उत्तर पटले असे नाही, पण प्रामाणिक वाटले. सायली, तुम्ही करा असेच मी म्हणेन.

उपकेंद्र

मी सातारा जिल्ह्यात सरकारी आरोग्यसेवेत आहे. वरची चर्चा वाचताना मला सारखे वाटत होते की आपण यंत्राबद्दलच बोलतो आहोत, आणि आमच्याकडे तर यंत्र नाही.

भारतात मॅमोग्राफीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. केंद्र सरकारने 2016 मध्ये आखून दिलेल्या पद्धतीनुसार 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित कर्मचाऱ्याने हाताने करायची असते, दर पाच वर्षांनी. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात, उपकेंद्रात तपासणी होते, संशय आला तर वर पाठवतात. कागदावर हे असे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांना विचारले तेव्हा स्तनतपासणी कधीतरी झाली आहे असे सांगणाऱ्या देशभरात एक टक्काही नव्हत्या.

हाताच्या तपासणीला कोणी कमी लेखू नये, कारण आपल्या देशातला सर्वांत भक्कम पुरावा तिच्याबद्दलचाच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये मुंबईत वस्त्यांचे 20 गट निवडले आणि 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांना दोन भागांत विभागले. एका भागात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत, अशा चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या भागात केवळ कर्करोगाची माहिती दिली. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग आधीच्या टप्प्यात सापडला. मृत्यूंमध्ये एकूण 15 टक्के घट दिसली, पण ती योगायोगानेही असू शकते इतपतच होती. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मात्र जवळजवळ 30 टक्के घट झाली आणि ती ठोस होती. पन्नाशीच्या आतल्यांना मृत्यूच्या बाबतीत स्पष्ट फायदा दिसला नाही. एवढ्या मोठ्या चाचणीतली वस्त्यांमधली तपासणी क्ष-किरणांच्या यंत्राशिवाय, केवळ हाताने झाली.

माझ्या अनुभवातली बाई वेगळी असते. पडद्यामागे खाटेवर आडवी झाली की पदर डोळ्यांवर ओढून घेते. मी तीन बोटांच्या पेरांनी, एकदा हलक्या आणि एकदा खोल दाबाने, गळपट्टीच्या हाडापासून काखेपर्यंत चाचपत जाते. काखेशी हात गेला की ती हळूच म्हणते, "तिथं आहे ती, पण दुखत न्हाई." तिला ठाऊक असते, वर्ष-वर्ष ठाऊक असते. दुखत नाही, सुगी चालू आहे, मालकांना सुट्टी नाही, तालुक्याला डॉक्टर पुरुष आहे, अशी कारणे एकापुढे एक येत जातात. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, ही एक गोष्ट सर्वांना कळली तरी माझे निम्मे काम होईल. निदान झाल्यावर उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. खरी गळती त्याच्या आधीच, घर ते तालुका एवढ्या अंतरात होते.

आकडेमोड

उपकेंद्र यांचा प्रतिसाद या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा आहे. त्याला एक पुरवणी जोडतो. ब्रिटनचे आकडे जसेच्या तसे इथे आणता येत नाहीत. वयाचा फरक काढून टाकल्यावर भारतात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वर्षाला लाख स्त्रियांमागे 26 च्या आसपास आहे, तर ब्रिटनमध्ये ते 90 च्या वर आहे. शहरांत ते खेड्यांपेक्षा जास्त आहे, तरीही ब्रिटनइतके नाही. रोगी कमी असले तर सापडणारे रोग कमी होतात, चुकीचे इशारे मात्र त्या प्रमाणात कमी होत नाहीत. याचा अर्थ आजार किरकोळ आहे असा नव्हे. 2022 मध्ये देशात सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्णांचा आणि 98 हजार मृत्यूंचा अंदाज होता. रुग्णांच्या मानाने मृत्यू इतके जास्त असण्याचे कारण उपकेंद्र यांनी सांगितलेल्या त्या अंतरात बऱ्याच अंशी आहे.

"आपल्याकडे हा रोग तरुणपणी होतो" हे वाक्यही जपून वापरावे. आपली लोकसंख्याच तरुण आहे, त्यामुळे रुग्णांचे सरासरी वय कमी दिसते. एका बाईपुरते पाहिले तर तिचा धोका वयाबरोबर वाढतच जातो.

रानजाई

सायलीताईंना लागू नाही, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. माझ्या आईला आणि मावशीला दोघींनाही पंचेचाळिशीच्या आत हा रोग झाला. अशा घरांसाठी वरचे कोणतेही आकडे नाहीत. आधी आनुवंशिकतेच्या सल्लागाराला भेटावे, शक्यतो आजारी व्यक्तीची जनुकचाचणी आधी करावी, आणि बीआरसीए 1 किंवा 2 या जनुकांमध्ये दोष निघाला तर तपासणी तरुण वयातच आणि एमआरआयसह सुरू होते. वडिलांकडची बाजूही विचारात घ्यावी. आत्याचा रोग "आपल्या घरातला" मानतच नाहीत, पण दोष वडिलांकडूनही येतो.

गारवा

मग दर महिन्याला आरशासमोर उभे राहून स्वतःच तपासणे, ते करावे की नाही? आमच्या सोसायटीत महिलादिनी त्याचे प्रात्यक्षिक झाले होते, आणि कोणी तरी उष्णतेच्या चित्रावरून निदान करणारे, न दाबता तपासणारे यंत्रही आणले होते.

क्ष_किरण

उष्णतेच्या चित्रांचे आधी सांगते: ती मॅमोग्राफीच्या जागी वापरता येत नाहीत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशाराही दिलेला आहे. दाबत नाही, किरणे नाहीत, एवढ्यावर भुलू नये.

स्वतःच्या तपासणीबद्दल शांघायच्या कापडगिरण्यांत सुमारे 2 लाख 66 हजार कामगार स्त्रियांची फार मोठी चाचणी झाली होती. निष्कर्ष 2002 मध्ये आले. काटेकोर प्रशिक्षण दिलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) मात्र वाढल्या. म्हणून महिन्याची तारीख लावून घेण्याचा आग्रह मी धरत नाही. आंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना आपला स्तन एरवी कसा असतो याची ओळख असावी, आणि बदल दिसला तर लाजू नये, थांबू नये.

सायली_कोथरूड

सर्वांचे आभार. अर्जावर मी यंदा "नको" अशी खूण केली आहे, त्यामागचा विचार लिहिते. माझ्या वयात फायदा लहान आहे, दाट ऊतकामुळे चाचणी कमी भरवशाची आहे, आणि ओवीताईंनी लिहिलेले मधले दिवस मला फार जड जातील, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. वर्षातून एकदा शस्त्रक्रियातज्ज्ञ बाईंकडून हाताने तपासणी करून घेईन. चाळिशीपुरता तिचाही पुरावा पुरेसा नाही हे उपकेंद्र यांच्या प्रतिसादावरून कळले आहे, पण तिच्यात गमावण्यासारखे थोडे आहे. पन्नाशी झाली की दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुरू करेन, कारण त्या वयापुढचा हिशेब मला फायद्याकडे झुकलेला वाटतो. मध्ये काही जाणवले तर हे सगळे बाजूला ठेवून लगेच जाईन. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगितले. त्या नाराज झाल्या, पण कागदावर नोंद करून घेतली.

गारवा

मी 52 ची आहे. हेच सारे वाचून मी पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. आकडे तेच, वय वेगळे, आणि मला न कळण्याची भीती जास्त वाटते. क्ष_किरण, अहवालात "श्रेणी 3" आली तर घाबरायचे का?

क्ष_किरण

श्रेणी 3 म्हणजे जवळजवळ नक्की निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. अशा वेळी सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढून काही बदलले का ते पाहतात. घाईने बायोप्सी करा असे कोणी म्हणाले तर कारण विचारावे. श्रेणी 4 आणि 5 मध्ये बायोप्सी टाळू नये. श्रेणी शून्य पाहून "काही नाही" असे समजू नका, तिचा अर्थ आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी असा असतो. आणि अहवालासोबत मूळ चित्रांची सीडी मागून घ्या, पुढच्या वेळी केंद्र बदलले तरी ती घेऊन जा. जुने चित्र शेजारी असले की निम्म्या शंका तिथेच मिटतात.